क्रेनवरचे रंगराव आणि आबाजींच्या अकरा म्हशी

आमच्या समोरच्या दारात राहणारे रंगराव म्हणजे पुनावळ्यातले सगळ्यात उंचावर बसणारे गृहस्थ. घर त्यांचं माझ्यासारखंच दुसऱ्या मजल्यावर, पण चाकणच्या एका कारखान्यात छताला लागून जी मोठी क्रेन फिरते, तिच्या केबिनमध्ये ते बावीस वर्षं बसले. तीन-तीन टनांचे लोखंडी साचे उचलायचे आणि शेडच्या या टोकाचे त्या टोकाला नेऊन ठेवायचे. बावीस वर्षांत एकही साचा कुठे घासला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. त्यांची बायको रुपाली सांगते, आणि ती विसरली तर मी सांगते.

माणूस मूळचा अंबाजोगाईकडचा, सावकाश बोलणारा, त्याहून सावकाश चालणारा, आणि पोट असं की पडलेली वस्तू उचलायची तर कठडा धरून गुडघा टेकवावा लागायचा. त्यांना जेवताना बघावं. घास ताटातून उठतो, जरासा थांबतो, इकडे तिकडे न हलता सरळ तोंडापर्यंत जातो. मी रुपालीला म्हणते, अगं, भोंगा तेवढा वाजायचा राहिलाय. रंगराव हसतात, पण घास सांडत नाहीत.

तर गेल्या दिवाळीनंतर कंपनीत दरवर्षीची तपासणी झाली आणि रंगरावांची उपाशीपोटीची साखर निघाली दोनशे अडतीस. कंपनीच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं की डोक्यावर तीन टन लोंबकळत असताना केबिनमधल्या माणसाला चक्कर आली तर खालच्यांनी काय करायचं. तीन महिन्यांची मुदत दिली. साखर एकशे चाळीसच्या आत आली तर पुन्हा वर. नाही आली तर कायमचं पॅकिंगला, खोके बांधायला.

तोवर क्रेन प्रज्वलकडे. हा प्रज्वल रंगरावांनीच शिकवून तयार केलेला. आणि रंगरावांना काम दिलं खाली उभं राहून प्रज्वलला हाताने इशारे करायचं. वर बसलेल्याला खालचं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर चालतो. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले, तळवे जमिनीकडे, की जे काय चाललंय ते जागच्या जागी थांबव. बावीस वर्षं दुसऱ्याचे हात बघून हलणारा माणूस आता आपले हात हलवायला लागला. दुसरी पाळी असायची, दुपारी दीडला बस. जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, कसं वाटतंय खाली?

"ताई, मान दुखायलीय वर बघून बघून," एवढंच म्हणाले. पण चेहरा असा होता, की मी पुढची थट्टा गिळली. हे माझ्याकडून वर्षातून एकदाच होतं.

डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि सकाळी तासभर भरभर चालायला सांगितलं होतं. आता इथेच खरी अडचण. रंगरावांना जनावरांची भीती. गावाकडचा माणूस म्हणून आपण धरून चालतो की बैल-म्हशी अंगावर खेळवल्या असतील. पण त्यांचे वडील शिंपी. घरात जनावर म्हणाल तर एक मांजर, आणि तेही शेजारच्यांचं. आमच्या जिन्यात मांजर बसलं असेल तर हे गृहस्थ पायरीवर उभे राहून मोबाइल बघितल्यासारखं करतात. मला दारातून सगळं दिसतं. दिसतं म्हणजे मी मुद्दाम बघत नाही, दार उघडं असतं.

आणि पुनावळ्यात सकाळी सहाला रस्ता माणसांचा नसतोच. बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्या मधे-मधे गोठे आहेत, कोंबड्या आहेत, आणि कुत्र्यांच्या तर हद्दी आखलेल्या आहेत. पहिल्या दिवशी रंगराव काठी घेऊन निघाले. काठी बघून कुत्र्यांना वाटलं, हा भांडायला आलाय. दहा मिनिटांत रंगराव घरी. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी काठी टाकली आणि खिशात बिस्किटं ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक हद्दीत दोन बिस्किटं टाकायची आणि पुढे सटकायचं. आठवड्याभरात असं झालं, की रंगराव पुढे आणि मागे सात कुत्री रांगेने, जशी काही मिरवणूकच. ते थांबले की कुत्री थांबणार, ते वळले की कुत्री वळणार. पळायची सोय नाही आणि मागे बघायची हिंमत नाही. त्यामुळे चालणं मात्र खरोखरच भरभर व्हायला लागलं.

त्यातच रुपालीने धुवायला पँट घेतली आणि खिशात निघाला बिस्किटाचा चुरा. साखरेचा माणूस, आणि खिशात क्रीमची बिस्किटं. दोन दिवस त्या घरातून नुसत्या भांड्यांचे आवाज येत होते. शेवटी मी जाऊन साक्ष दिली की बाई, तुझ्या नवऱ्याने एकही खाल्लेलं नाही, मी रोज मोजते. त्यावर रुपालीने विचारलं, तुम्ही का मोजता? मी म्हटलं, माझं दूध उतू जातंय, आणि घरी आले.

कुत्र्यांतून सुटावं म्हणून त्यांनी वाट बदलली, तर हनीफभाईंच्या गॅरेजसमोर त्यांचा कोंबडा. या कोंबड्याला बुटांच्या लाल नाड्यांचा राग. हनीफभाई गाडीखाली झोपलेले असायचे, तिथूनच ओरडून सांगायचे की घाबरू नका, तो काही करत नाही. आणि तो तेव्हा करतच असायचा. रंगरावांनी नाड्या काळ्या घातल्या. मग कोंबड्याने मोज्यांकडे लक्ष वळवलं.

असा महिना गेला. आणि मग तो रविवार आला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आबाजींचा गोठा. आबाजी इथले जुने. जमीन बरीचशी इमारतींखाली गेली, पण अकरा म्हशी ठेवल्यात. रोज सकाळी त्या आमच्या गल्लीतून निघून ताथवड्याच्या बाजूच्या मोकळ्या माळावर चरायला जातात. मी त्याच वेळी गोठ्यावर दूध आणायला जाते, त्यामुळे पुढचं सगळं मी किटली हातात धरून डोळ्यांनी बघितलेलं आहे.

रंगराव समोरून चालत येत होते. म्हशी गल्लीभर पसरून निघालेल्या. आबाजी गुडघ्यामुळे बरेच मागे राहिलेले. रंगरावांच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला समोरच्या मोठ्या सोसायटीचं फाटक, दुधाच्या टेम्पोसाठी सताड उघडलेलं. साधा माणूस फाटकात शिरून बाजूला झाला असता. पण रंगराव महिनाभर रोज आठ तास एकच काम करत होते. अंगावर काहीतरी टनावारी चालून येतंय म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप उठले. दोन्ही हात आडवे, खांद्याच्या रेषेत, तळवे जमिनीकडे. थांबव.

क्रेन थांबली असती. पण म्हशींच्या शाळेत या इशाऱ्याचा धडा वेगळा आहे. आबाजी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या असेच हात पसरून वळवत आलेत. समोर हात पसरलेला माणूस म्हणजे इकडे वाट नाही, मोकळ्या बाजूने वळा. पुढची म्हैस शिकवल्याप्रमाणे वळली. तिच्यामागे दहा वळल्या. आणि अकराच्या अकरा म्हशी रांगेने, कुणालाही धक्का न लावता, सोसायटीच्या फाटकातून आत गेल्या. वॉचमनने पहिलीला रजिस्टर दाखवलं असं नंतर लोक सांगत होते, पण ते मी पाहिलेलं नाही.

आत हिरवळीवर निशिगंधाबाईंचा योगासनांचा वर्ग भरलेला. सगळ्या शवासनात, डोळे मिटून. बाई संथ आवाजात सांगत होत्या की तुमच्या अंगावरून गार वारा जातोय. तेवढ्यात एकीच्या कपाळावरून तो वारा गेला, जरा ओलसर. तिने डोळे उघडले. मी एवढंच सांगते की त्यानंतर त्या वर्गात इतकं चपळ आसन पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

म्हशींनी मात्र कुणाकडे लक्ष दिलं नाही. त्यांना पाण्याचा वास आला होता. लहान मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा निळा हौद आहे तिथे, त्यात त्या एकेक करून उतरल्या आणि बसल्या. मावल्या सातच, उरलेल्या चार कडेला उभ्या राहून पाळीची वाट बघत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी निरंजन हिंजवडीला कॉम्प्युटरवर मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते अर्ध्या चड्डीवर धावत आले आणि म्हशींना इंग्रजीत बाहेर जायला सांगू लागले. आबाजी लंगडत पोचेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. ते पाणी पुढे काय रंगाचं झालं, ते सांगत नाही.

आणि रंगराव? ते फाटकाबाहेर तसेच उभे होते, हात पसरून. मी जवळ जाऊन म्हटलं, भावोजी, आता खाली घ्या.

त्या दिवसापासून त्यांनी चालणं बंद केलं. सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपात त्यांचा हात पसरलेला फोटो फिरला, कंपनीच्या बसमध्येही पोचला. प्रज्वलने वरून बघून हात जोडले म्हणे. तो चेष्टेत केलेला नमस्कार यांना फार लागला. रुपाली माझ्याकडे येऊन बसली. एरवी बोलून बोलून माझा चहा गार करणारी बाई, त्या दिवशी नुसती पदराचा काठ दुमडत बसली. म्हणाली, पॅकिंगला गेले तर हे माणूस राहायचे नाहीत, ताई. खोके बांधतील, पगार आणतील, पण बोलायचे बंद होतील. आत्ताच झालेत.

चार दिवसांनी आबाजीच जिना चढून आले. गुडघा धरून, प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत. आम्हाला वाटलं भांडायला आले. रंगराव दारातच माफी मागायला लागले, हौद साफ करायचा खर्च देतो म्हणाले. आबाजींनी ते ऐकून घेतलंच नाही. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "तुमी कुणाकडं शिकला म्हशी वळवायला?"

रंगराव म्हणाले, कुणाकडेच नाही.

"माझा पोरगा सनी तीस वर्साचा झाला. गाडी चालवतो, झ्याक चालवतो. पर त्याला अकरा म्हशी एका हातात वळत न्हाईत. तुमी वळवल्या. चुकीच्या फाटकात का व्हईना." आणि मग मुद्द्यावर आले. गुडघ्याने आता माळापर्यंत जाववत नाही. सकाळी तासभर म्हशी माळावर सोडून यायला कुणी भरवशाचा माणूस पाहिजे.

म्हशींची भीती वाटते हे पन्नाशीच्या माणसाने कसं सांगायचं? मी दारातूनच म्हटलं, की आबाजी, भावोजी येतील. रुपालीही मान हलवून बसली. अशा रीतीने दोन बायकांनी मिळून त्यांना म्हशींच्या मागे लावलं.

मागे चालायचं म्हटल्यावर भीती निम्मी झाली. शिंगं पुढच्या बाजूला असतात, हा त्यांनी मला सांगितलेला अनुभव. पहिले दोन दिवस ते पन्नास पावलं अंतर ठेवून चालत होते, जसे काही योगायोगानेच त्याच रस्त्याने निघालेत. मग एक तरणी म्हैस होती, ती दर वळणाला वेगळी वाट धरायची, तिच्यासाठी धावावं लागायचं. धावता धावता अंतर गेलं. पंधरा दिवसांत रंगराव म्हशींना नावाने हाक मारायला लागले. कुत्र्यांनी म्हशी बघून आपापल्या हद्दी सोडल्या. हनीफभाईंचा कोंबडा गाडीच्या टपावर जाऊन बसायला लागला.

सगळं छान चाललं होतं, म्हणून दोन महिने झाल्यावर रंगरावांनी आपणहून बाहेर साखर तपासली. एकशे सत्त्याण्णव.

रोज पाच किलोमीटर, घरात साखरेचा दाणा नाही, गोळी वेळेवर, आणि एकशे सत्त्याण्णव. रुपालीने भाकऱ्या मोजून बघितल्या. रंगरावांचे डोळे रात्रपाळीच्या माणसासारखे तारवटले. एक महिना उरला होता.

उत्तर मला माहीत होतं. दोन आठवड्यांपासून माहीत होतं. म्हशी सोडून परत आले, की गोठ्यावरच्या बाजेवर रंगराव बसायचे आणि आबाजींची बायको मंजुळाबाई त्यांच्यापुढे चहा ठेवायची. निरशा दुधाचा, चमचा उभा राहील असा, साखर मोजायची पद्धत त्या घरात नाही. एक पेला संपला की दुसरा. मधे एक म्हैस व्याली, तेव्हा चार दिवस वाटीभर खरवस. रंगराव पेल्याकडे असे बघायचे, जसं काही पोलिसाने समन्स दिलंय, आणि प्यायचे. पुढ्यात आलेला चहा परत करणं त्यांच्या गावात माणूस मेल्यावरच होतं. आणि साखरेचं सांगावं, तर आजारी माणसाच्या हाती आबाजी म्हशी देतील का, ही दुसरी भीती. म्हशी गेल्या तर चालणं गेलं. चालण्यासाठी चहा प्यायचा आणि चहापायी चालणं वाया घालवायचं, असा सगळा हिशेब बसलेला.

आता लोक म्हणतात सुमनताईंच्या पोटात काही राहत नाही. खोटं आहे. दोन आठवडे राहिलं होतं. पण एकशे सत्त्याण्णव ऐकल्यावर मी रुपालीकडे गेले आणि सगळं सांगितलं, खरवसाच्या वाटीच्या आकारासकट.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर गोठ्यावर आली. रंगराव बाजेवर, पेला ओठाशी. बायकोला बघून पेला तिथेच थांबला. रुपालीने आवाज चढवला नाही. पदराच्या गाठीतून तपासणीचा कागद काढला आणि मंजुळाबाईंच्या हातात दिला. मंजुळाबाईंना वाचता येत नाही, म्हणून तो आबाजींकडे गेला. त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचला, पुन्हा वाचला.

"व्हय रं रंगराव, मग सांगायचं न्हाई का? आमी काय इख पाजतोय व्हय तुला रोज?"

रंगरावांनी मान खाली घातली. म्हणाले, "म्हशी काढून घ्याल म्हणून सांगितलं न्हाई."

आबाजींनी आपल्या धोतराचा काठ वर करून गुडघा दाखवला, सुजून भोपळा झालेला. आजारी माणसाच्या म्हशी आजारी माणूस नेईल, त्यात काय बिघडलं, असं काहीसं पुटपुटले. मंजुळाबाईंनी रंगरावांच्या हातातला पेला काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून बाजेवर पातळ ताक यायला लागलं, जिरं आणि मीठ घातलेलं. मीच चहा पिते आता तिथे. कुणीतरी प्यायलाच पाहिजे.

शेवटचा महिना रंगरावांनी एक दिवस चुकवला नाही. थंडी होती, म्हशींच्या नाकातून वाफा निघायच्या आणि त्यांच्याही. रुपालीची एकच तक्रार होती, की घरात गोठ्याचा वास येतो. कंपनीच्या बसमध्येही येत असावा, कारण त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. त्यावर ते म्हणायचे, पाय पसरायला बरं पडतं.

तपासणीच्या दिवशी रुपाली सकाळपासून माझ्याकडे होती. दोघींनी मिळून तीन किलो मटार सोलले, नको असताना. अकराला फोन आला. रंगराव पलीकडून नुसते श्वास घेत होते. रुपाली म्हणाली, अहो, आकडा सांगा.

एकशे चौतीस.

डॉक्टरांनी विचारलं होतं, की व्यायाम कुठला केला. रंगराव म्हणाले, म्हशी. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हशी. मग त्यांनी कागदावर 'नियमित चालणे' असं लिहिलं, क्रेनसाठी फिट असा शिक्का मारला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला या म्हणून सांगितलं. एकशे चाळीसच्या आतच राहिलं पाहिजे.

सोमवारी पहिली पाळी. पहाटे साडेपाचच्या बसने गेले. वर कसे चढले, प्रज्वल खाली येताना काय म्हणाला, हे मी खोदखोदून विचारलं. प्रज्वल म्हणे पाया पडला, आणि या खेपेला खरोखरच. चढायचं म्हणाल तर सरळ उभी लोखंडी शिडी आहे. तिच्याबद्दल रंगराव एवढंच म्हणाले, "एका दमात गेलो, ताई. वर जाऊन बघतो तर दम लागलेलाच न्हाई."

पण ही चौकशी नंतरची. त्या दिवशी दुपारी सव्वाचारला बस आली तेव्हा मला वाटलं, आता वर येतील, रुपाली ओवाळेल, मी दोन टोमणे मारीन. ते जिन्याकडे वळलेच नाहीत. कंपनीच्या निळ्या कपड्यांतच गॅलरीखाली उभे राहिले आणि हाक मारली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सकाळचं जमणार नाही, म्हणून म्हशी संध्याकाळी माळावरून परत आणायचं काम त्यांनी परस्पर आबाजींकडून मागून घेतलं होतं. सकाळी सनी सोडून येणार, निम्म्या तरी.

"रुपे, चपला तेवढ्या टाक."

रुपालीने वरून चपला टाकल्या. एक त्यांच्या पायाशी पडली, दुसरी गटाराच्या कडेला गेली. रंगराव दोन पावलं पुढे गेले आणि गुडघा न टेकता, कशाला न धरता, सरळ वाकून त्यांनी ती उचलली.

रुपालीने आणि मी एकमेकींकडे बघितलं. तोवर ते गल्लीच्या तोंडाशी पोचले होते.